इतवारीतून आणलेला बिडाचा तवा: आठ महिने घरचा पिटा भाजल्यानंतर

नागपुरात प्रतापनगरला माझ्या घरून डबे जातात. बावीस डबे. बहुतेक मुलं इंजिनीअरिंगला, चार-पाच नोकरीला लागलेली. सोमवार ते शुक्रवार पोळी, भाजी, वरण, भात ठरलेलं. शनिवारी रात्री मात्र काहीतरी वेगळं द्यायचं, हा माझा नेम आहे. गेल्या वर्षी पावसाळ्यात मुलांनी पिटा ब्रेड मागितला, म्हणजे आतून पोकळ, पोट उघडून आत सारण भरायची जाडसर रोटी. आधी पाकिटातला विकत आणून पाहिला. कोरडा. पोट उघडायला सुरी लावली की कडेलाच तुटायचा, आणि बावीस डब्यांना तो परवडणाराही नव्हता. म्हणून ठरवलं की घरीच करायचा.

घरात ओटीजी, म्हणजे छोटी विजेची भट्टी होती. कंपनीचं नाव घेत नाही, कारण केक आणि नानकटाई त्यात छान होते. पण पिट्याला लागते तशी कडक आंच त्यात तयार होत नाही. काटा २५० वर लावून आत थर्मामीटर ठेवला, तर तो २१५ च्या पुढे सरकेना. त्यात दर खेपेला दार उघडायचं, की गरम हवा बाहेर. पुन्हा तापायला पाच-सात मिनिटं. पहिल्या शनिवारी चव्वेचाळीस पिट्यांतले नऊ फुगले. बाकीचे जाड, पांढरट आणि चिवट. दुसरं काही करायला वेळ नव्हता, तेच डब्यात गेले. मुलं काही बोलली नाहीत, पण रविवारी डबे परत आले तेव्हा निम्मे पिटे तसेच्या तसे होते. पैसे घेऊन दिलेलं अन्न असं परत आलं की मला रात्री झोप लागत नाही.

त्यानंतर दिवाळीच्या आधी हा तवा आणला. आठ महिने दर शनिवारी वापरून झाला आहे. थंडीत वापरला, नवतपातल्या कडक उन्हाळ्यातही वापरला. म्हणून आता लिहिते आहे.

सुभाषनगरहून मेट्रोने चितारओळीला उतरले आणि इतवारीत भांड्यांच्या ओळीत चार दुकानं पाहिली. बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे तवे तिथे तोलून मिळतात. मला २८० रुपये किलोने मिळाला. बारा इंची, सपाट, दोन्ही बाजूंना कान, वजन ३ किलो ४०० ग्रॅम. म्हणजे ९५२ रुपये, त्यांनी ९५० घेतले. लोखंडी पत्र्याचा तवा वेगळा आणि बिडाचा वेगळा, हे दुकानात स्पष्ट सांगा. पत्र्याचा तवा लवकर तापतो आणि तितक्याच लवकर उतरतो. बीड ओतीव असतं, जाड असतं. तापायला वेळ घेतं, पण एकदा तापलं की थंड गोळा वर पडला तरी दबत नाही. पिट्याचं सगळं काम या एका गुणावर चालतं.

कसं ते सांगते, कारण हे कळेपर्यंत मी दोन महिने नुसती कृती बदलत बसले होते. पिट्याच्या पोटात पोकळी होते ती वाफेमुळे. पाण्याची वाफ झाली की ती मूळ पाण्याच्या सोळाशे पटींहून जास्त जागा मागते. वरची आणि खालची बाजू पटकन धरली गेली आणि आतला भाग अजून ओला असला, तर त्या वाफेला बाहेर पडायला वाट राहत नाही. ती दोन्ही बाजूंना एकमेकींपासून सोडवते. आंच मंद असेल तर पापुद्रा धरायच्या आधीच आतलं पाणी हळूहळू उडून जातं आणि पिटा नुसता वाळतो. माझ्या ओटीजीत तेच होत होतं. आपला फुलका याच तत्त्वावर फुगतो. फरक इतकाच की फुलका पातळ असतो, त्यात खमीर नसतं आणि आपण तो शेवटी जाळावर धरतो. पिटा जाड असतो, यीस्टने हलका झालेला असतो, आणि त्याला जाळ नको, तव्याची दणदणीत उष्णता हवी.

सासूबाईंना हे मला समजावून सांगावं लागलं नाही. त्यांच्या माहेरी लांब पोळ्या व्हायच्या. उपड्या मडक्याखाली लाकडं पेटवायची, सैलसर भिजवलेली कणीक आपटून आपटून तिला तार आणायची, आणि गोळा दोन्ही हातांवर खेळवत कोपरापर्यंत लांबवून मडक्यावर टाकायचा. आपल्या नागपुरात मटका रोटी म्हणतात तीच. पहिल्यांदा मी बिडाच्या तव्यावर पिटा टाकला तेव्हा त्या ओट्याशी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मडकं तापलं नसलं तर पोळी टाकायचीच नाही. तू घाई करून राहिली." बरोबर होतं त्यांचं. तवा तीन मिनिटं तापला होता, त्याला दहा लागतात. लेबनॉन-सीरियाकडेही साज नावाचा उपडा, घुमटासारखा तवा असतो, आणि त्यावर कागदासारखी पातळ रोटी भाजतात. हे त्यांना सांगितलं तर त्यांना जराही नवल वाटलं नाही. "उपडंच पाहिजे नं, नाहीतर एवढी मोठी पोळी मावेल कुठं?" म्हणाल्या.

आता तव्याचे दोष. पहिला तवा घरी आणून घासला तेव्हा मधोमध मोहरीएवढे दोन खड्डे दिसले. दुकानात त्यावर काळं काहीतरी फासलेलं होतं, त्यामुळे ते झाकले गेले होते. परत घेऊन गेले. दुकानदार आधी म्हणाला की ओतीव मालात असं असतंच. मी म्हटलं, भाऊ, पीठ अडकून तिथंच जळणार, रोज वापरायचा तवा आहे माझा. मग बदलून दिला. दुसरा घेताना तिथेच ओल्या फडक्याने पुसून पाहिला, फरशीवर ठेवून डुगडुगतो का पाहिलं आणि चावीने टकटक केलं. चांगला तवा घंटेसारखा वाजतो. चीर असेल तर आवाज बसका येतो. तुम्हीही हे तिन्ही करा, दुकानदाराला राग आला तरी.

कान पूर्ण बिडाचेच आहेत, त्यामुळे तव्याइतकेच तापतात. साधं फडकं चालत नाही. जुन्या सतरंजीचा तुकडा चार पदरी शिवून घेतला तेव्हा निभावलं. आणि वजन. सासूबाईंना तो उचलत नाही. ज्यांची मनगटं दुखतात त्यांनी दहा इंची घ्यावा. पिटा एका वेळी एकच होतो तसाही, त्यामुळे काही बिघडत नाही.

तवा मुरवायला, म्हणजे त्यावर तेलाचा पक्का थर बसवायला मी जवसाचं तेल वापरलं. हे मी मुद्दाम सविस्तर सांगते, कारण यात चूक केली तर तवा महिनाभरात पुन्हा तांबूस होतो. आधी तवा राखेने आणि काथ्याने घासून त्यावरचा काळा थर पूर्ण काढला, अगदी करडा रंग दिसेपर्यंत. धुऊन लगेच गॅसवर ठेवला. पाण्याचा शेवटचा ठिपका आटला की आंच बंद. कोमट असताना लाकडी घाण्याचं जवसाचं तेल चार थेंब टाकून सुती कापडाने सगळीकडे चोळलं, मागची बाजू आणि कानसुद्धा. मग दुसऱ्या कोरड्या कापडाने ते तेल पुसून काढलं. हो, पुसून काढलं. डोळ्याला तेल दिसताच कामा नये, नुसती ओलसर झाक राहायला हवी. तेल जास्त राहिलं की चिकट डाग पडतात आणि पुढे पोपडे निघतात. मग धूर येऊन थांबेपर्यंत तापवायचं, थंड होऊ द्यायचं, आणि पुन्हा. असं पाच वेळा. जवसाचं तेल हवेने आणि उष्णतेने घट्ट होऊन थर धरतं, म्हणून ते यासाठी चांगलं. आपल्या विदर्भात घराघरात जवसाची चटणी होते, तेलही घाण्यावर सहज मिळतं. फक्त रंगाच्या दुकानात अळशीचं तेल म्हणून जे मिळतं ते चुकूनही आणू नका. त्यात तेल लवकर वाळावं म्हणून रसायनं घातलेली असतात, ते खाण्याच्या भांड्याला नाही.

पाचव्या खेपेनंतर तवा करड्याचा गडद तपकिरी झाला होता. आज आठ महिन्यांनी पूर्ण काळा आणि गुळगुळीत आहे. पिटा टाकताना तेलाचा थेंबही लागत नाही.

पिठाबद्दल. तवा कितीही चांगला असला तरी पीठ कोरडं भिजवलं तर पिटा फुगणार नाही, म्हणून माझं प्रमाण देते. एक किलोत अर्धा मैदा आणि अर्धी चक्कीवरची लोकवन गव्हाची कणीक. नुसत्या मैद्याचा पिटा दिसायला छान होतो, पण दोन तासांत चामड्यासारखा होतो आणि डबा तर रात्री नऊला उघडला जातो. कणकेने चव येते, मऊपणा टिकतो. इजिप्तमध्ये कोंड्यासकट गव्हाचाच पिटा रोज खातात. त्याला ते 'ऐश' म्हणतात, आणि त्या शब्दाचा अर्थच जीवन असा आहे. पाणी ६७० मिलीलिटरच्या आसपास. चक्कीवर दळलेली कणीक मैद्यापेक्षा जास्त पाणी पिते, त्यामुळे शेवटचा अर्धा कप हाताने अंदाज घेत घाला. मीठ १८ ग्रॅम, साखर एक चमचा, फल्लीचं (शेंगदाण्याचं) तेल दोन मोठे चमचे. गोळा पोळीच्या कणकेपेक्षा सैल हवा, परातीला थोडा चिकटणारा. बारा मिनिटं मळते. एरवी नाही मळत इतकं कोणी, पण इथे मळायला हवं. तार आली नाही तर वाफ पापुद्रा फाडून बाहेर जाते.

यीस्ट मात्र नागपूरच्या हवेवर ठरतं. डिसेंबर-जानेवारीत किलोला १० ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, कोमट पाणी, आणि तरीही पीठ दुप्पट व्हायला दोन तास. पिठाच्या गंजाला (पातेल्याला) शाल गुंडाळून ठेवत होते. मे महिन्यात ५ ग्रॅमनेच पस्तीस मिनिटांत पीठ झाकण उचलायला लागतं. उन्हाळ्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी थेट नळाने घेऊ नका. हात पोळेल इतकं गरम असतं ते. यीस्ट पंचावन्न-साठ अंशांना मरतं, आणि त्याच्या खालीही असं गरम पाणी त्याला मानवत नाही. मी माठातलं पाणी घेते. यीस्टचं पाकीट फ्रीझरमध्ये ठेवते. एकदा कपाटात राहिलेलं पाकीट एप्रिलमध्येच गेलं होतं आणि दोन किलो पीठ तसंच बसून राहिलं. त्या शनिवारी पोळ्याच दिल्या.

उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट होते जी मला कुठल्याच कृतीत वाचायला मिळाली नाही. हवा इतकी कोरडी असते, वर कूलरचा वारा, की लाटून ठेवलेल्या पिट्यावर पाच मिनिटांत साल धरते. ती साल तव्यावर चिरते, चिरेतून वाफ निघून जाते, आणि तुम्हाला वाटतं की तव्यात किंवा पिठात काही चुकलं. दोन शनिवार मी तव्याला दोष देत होते. मग ओल्या पंचाखाली ठेवायला लागले आणि पुन्हा सगळे फुगायला लागले.

गोळे ७५ ते ८० ग्रॅमचे, अक्षरशः काट्यावर तोलून. दहा मिनिटं झाकून ठेवायचे, मग सहा इंच लाटायचे. जाडी चार मिलिमीटर, म्हणजे आलूच्या पराठ्याएवढी. लाटताना मधला भाग पातळ आणि कड जाड राहिली तर एका बाजूलाच फुगवटा येतो. सासूबाई म्हणतात, "मधात दाबू नको, कडेला ने." आणि पीठ लावा, पण झटकून टाका. कोरडं पीठ तव्यावर जळून कडू वास येतो. लाटल्यावर पुन्हा दहा-पंधरा मिनिटं पंचाखाली. ही दुसरी विश्रांती मी घाईत एकदा गाळली होती, पिटे फुगले पण आतून पोळीसारखे घट्ट लागले.

तवा मध्यम-मोठ्या आंचेवर दहा मिनिटं. पाण्याचा एक थेंब टाकून पाहायचा. छर्र करून तिथेच आटला तर तवा अजून कच्चा आहे. थेंब मोत्यासारखा गोल होऊन तव्यावर पळायला लागला की पिटा टाका. पहिली बाजू वीस सेकंद, फक्त रंग बदलेपर्यंत. उलटा. आता हात लावू नका. मिनिटभर तरी नाही. आधी कडेला वाटाण्याएवढा एक फुगा येतो, मग त्याच्या शेजारी दुसरा, मग मध्ये एक मोठा. ते एकमेकांकडे सरकतात. खालून बारीक सुस्कारा ऐकू येतो. मग सराट्याने (उलथन्याने) उलटायचा, आणि याच क्षणी, एका श्वासात, सगळे फुगे मिळून एक होतात आणि पिटा घागरीसारखा उभा राहतो. आठ महिने झाले तरी मी तो क्षण पाहायला थांबते. मदतीला येणारी ताई हसते मला, "झालं काकू, काढा आता" म्हणते. एखादा अर्धाच फुगला तर घडी केलेल्या कापडाने फुगलेल्या बाजूवर हलकेच दाबायचं, वाफ पुढे सरकते. सराट्याच्या टोकाने नाही, भोक पडतं.

काढलेला पिटा लगेच जाड कापडात गुंडाळा. उघडा ठेवला तर पाच मिनिटांत वरचा पापुद्रा कडक. कापडात तो आपल्याच वाफेने नरम होतो, बसतो, पण पोट सुटलेलंच राहतं. रात्री मुलं बोटानेच उघडतात. आत मी थंडीत सोल्याचे, म्हणजे तुरीच्या ओल्या दाण्यांचे फलाफल (तळलेले वडे) देते. हिरवे सोले रात्रभर भिजवायची गरज नाही, थेट जाडसर वाटून सांभार (कोथिंबीर) आणि लसूण घालून तळायचे. बाकीच्या महिन्यांत भिजवलेल्या काबुली चण्यांचे. सोबत भाजून वाटलेले तीळ घातलेलं हुमस, म्हणजे काबुली चण्यांची चटणी. एका मुलाने आत चण्याची तर्री (झणझणीत रस्सा) भरून खाल्ली आणि मला फोटो पाठवला. मलाही ते आवडलं, पण पिटा भिजून फुटतो, तेव्हा लगेच खायचं असेल तरच.

हिशेब सांगते. एका पिट्याला साधारण अडीच मिनिटं. एका तव्यावर चव्वेचाळीस पिटे म्हणजे पावणेदोन तासांच्या वर, आणि स्वयंपाकघरात मे महिन्यात इतका वेळ उभं राहणं शक्य नाही. जानेवारीत त्याच दुकानातून दुसरा तवा आणला. आता दोन शेगड्यांवर दोन तवे, ताई लाटते, मी भाजते, तासाभरात काम होतं. मागच्या शनिवारी चव्वेचाळीसातले एकेचाळीस पूर्ण फुगले. घरात चार माणसं असतील तर एकच तवा भरपूर आहे, आठ पिटे वीस मिनिटांत होतात.

ज्यांच्याकडे काचेची किंवा इंडक्शनची शेगडी आहे त्यांनी दुकानातच बूड हाताने चाचपून पाहावं. ओतीव बूड खरखरीत असतं, सरकवला तर काचेवर ओरखडे पडतात. माझ्या बहिणीच्या शेगडीवर पडले. उचलून ठेवायचा, ओढायचा नाही. आणि भाजणं झाल्यावर तापलेल्या तव्यावर गार पाणी कधीही ओतू नका. आईकडचा जुना बिडाचा तवा असाच मधोमध तडकला होता, मोठा आवाज होऊन. पूर्ण निवू द्या, कोमट पाण्याने पुसा, गॅसवर कोरडा करा.

किमतीच्या मानाने मला यापेक्षा कामाची वस्तू गेल्या काही वर्षांत मिळाली नाही. ओटीजी आता केकपुरता. एखादा तयार मुरवलेला, नावाजलेल्या कंपनीचा तवा दुप्पट-तिप्पट किमतीला मिळतो. एक संध्याकाळ देऊन स्वतः मुरवायची तयारी नसेल तर तो घ्या, मी त्याला वाईट म्हणणार नाही. पण मुरवण्याची मेहनत एकदाच आहे.

आता पावसाळा लागला. गेल्या आठवड्यात दोन दिवस तवा वापरला नाही तर कानाच्या सांध्याशी नखाएवढा तांबूस डाग दिसला. मिठाने घासून, तेलाचं बोट फिरवून तापवला, गेला. तेव्हापासून दोन्ही तवे वर्तमानपत्रात गुंडाळून कणकेच्या डब्याशेजारी, कोरड्या फळीवर ठेवते. आणि इतवारीतून दोन एकदम आणणार असाल तर कापडी पिशवी नेऊ नका. माझ्या पिशवीचा बंद मेट्रोच्या जिन्यावर तुटला, तवा पायापासून वीतभर अंतरावर पडला. गोणपाटाची पिशवी न्या, नाहीतर सरळ ऑटो करा.